न दुखणारं हाड

एक्स-रे काढणाऱ्या माणसाशी लोक फार बोलत नाहीत. हात इथं ठेवा, हलू नका, झालं, बाहेर बसा. एवढ्यात आमचं बोलणं संपतं. मला ते बरं पडलं. मी मुळातच घुम्या. म्हणूनच की काय, पुढचं एक वाक्य सांगायला मला इतकी वर्षं लागली: माझ्या थोरल्या बहिणीच्या उजव्या मनगटातलं एक हाड मेलेलं होतं, ते मी पाहिलं होतं, आणि डॉक्टरांनी तिला "दुखतं का?" असं विचारलं तेव्हा तिच्याऐवजी मीच "नाही" म्हणालो.

सांगायचं ते सांगून झालं. आता ते कसं झालं ते सांगतो.

तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणायचे. मी एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत कामाला होतो. फिल्म धुऊन, वाळवून, उजेडाच्या डब्यावर लावून बघायचा काळ. आमच्या डार्करूममध्ये छावणीतून सायकलवर येणारे एक वयस्क गृहस्थ होते, सगळे त्यांना मामू म्हणायचे. गावाकडची माणसं एक्स-रेला 'फोटो' म्हणतात, आणि फोटो म्हटलं की काहीजण केस सारखे करून बसतात. मामू त्यांना म्हणायचे, "हसो मत चाचा, हड्डी हसती नै."

त्या वर्षी हाडांच्या विभागात एक तरुण डॉक्टर आले. त्यांना मनगटातल्या एका हाडाचं वेड होतं. मनगटात लहान लहान आठ हाडं असतात, खड्यांसारखी एकमेकांत बसलेली. त्यांतल्या मधल्या एकाचा आकार चंद्रकोरीसारखा. त्याला रक्त नेणारी वाट फार अरुंद, ती कुणाकुणाची बंद पडते आणि ते एवढंसं हाड जागच्या जागी मरतं. मग हळूहळू चेपतं, तुकडे होतात, मनगट आखडतं. एक्स-रेत ते ओळखायची खूण सोपी आहे. मेलेलं हाड शेजारच्या जिवंत हाडांपेक्षा जास्त पांढरं दिसतं. जास्त उजळ. मला सुरुवातीला हे उलटंच वाटायचं.

हे हाड दुखतं म्हणून येणारे रोगी सगळ्याच डॉक्टरांना ठाऊक होते. ह्या डॉक्टरांचा प्रश्न वेगळा होता. ज्यांचं हे हाड मेलंय पण दुखतच नाही, असे किती? ते कुठल्याच दवाखान्यात मनगट दाखवायला येणार नाहीत. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. बोट मोडलं, अंगठ्याला खिळा लागला, हातावर दगड पडला, अशा दुसऱ्याच कारणानं ज्यांच्या हाताचा फोटो निघतो, त्यांच्या फिल्ममध्ये मनगटही आपोआप येतं. तेवढ्या फिल्म बाजूला काढायच्या, ते हाड बघायचं, आणि पांढरं दिसलं तर त्या माणसाला विचारायचं. विचारायचं काम माझ्याकडे, कारण मी गावाकडचा. देवगाव रंगारीचा. डॉक्टरांना वाटलं, माझं बोलणं लोकांना कळेल.

मामूंनी हे ऐकलं तेव्हा हातातली फिल्म तशीच धरून म्हणाले, "हड्डी मर गई और बंदे को पताच नै? कमाल है. हमारे घर में तो उल्टा है. हड्डी जिंदा है और बेगम पूरे मोहल्ले को बताती."

असे लोक फार थोडे निघाले. शेकड्यात किती ते मी सांगणार नाही. तो आकडा सांगायचा हक्क मी गमावलाय, का ते पुढं कळेलच. पण दिवसच्या दिवस काही सापडायचं नाही, आणि एखाद्या दुपारी उजेडाच्या डब्यावर ते पांढरं हाड दिसलं की मी आणि डॉक्टर दोघंही डब्यावर वाकायचो. बाहेर बाकावर तो माणूस तुटलेलं बोट धरून बसलेला असायचा. मनगटाविषयी त्याला काहीच ठाऊक नसायचं.

निदान आम्हाला तसं वाटायचं.

पहिले काही दिवस मी सगळ्यांना एकच विचारत होतो, "मनगटाचं काही दुखणं आहे का?" आणि सगळे म्हणायचे, नाय. मग एकदा कन्नडच्या पलीकडच्या एका खेड्यातली म्हातारी आली. बैलगाडीच्या जुवाखाली बोट सापडलं होतं. तिच्या फिल्ममध्ये ते हाड पांढरंफेक होतं, चेपलेलंही. मी विचारलं, "मावशी, मनगटाचं काही दुखणं?"

"नाय रं बाबा. दुखणं कशाचं?"

डॉक्टरांनी तिचा हात हातात घेऊन मनगट जरासं मागं वाकवलं. ती "आई गं!" करून अशी ओरडली, की बाहेरचे लोक दारात आले.

"अहो, दुखत नाही म्हणालात ना?" मी म्हणालो.

"मंग? दुखणं आसतं तर खाटंवर पडले असते. ह्ये कामाचं हाय. कळ मारती, निस्ती."

डॉक्टर हसले. मीही. मग डॉक्टर हसायचे थांबले. ते पुण्याकडचे, त्यांना तेव्हा समजलं की आमच्याकडं दुखणं म्हणजे आजार. अंथरूण धरायला लावतो ते दुखणं. त्याच्या अलीकडचं जे असतं त्याला कळ म्हणतात, चमक म्हणतात, ठणका म्हणतात, आखडणं, अवघडणं, भरून येणं म्हणतात, आणि ते दवाखान्यात सांगायचं नसतं. मी तिथलाच, मला हे आधी कळायला हवं होतं. पण दवाखान्याचा पांढरा कोट घातला की माणूस आपल्याच गावचं बोलणं विसरतो.

त्यानंतर डॉक्टरांनी प्रश्न बदलला. मला म्हणाले, "दुखतं का, असं विचारू नकोस. काम विचार. लुगडं कोणत्या हातानं पिळता? बादली पूर्वी कोणत्या हातानं उचलायचा, आता कोणत्या?" ह्या प्रश्नांनी आमच्या न दुखणाऱ्यांपैकी काहीजण गळाले. बाकीचे खरोखर न दुखणारे राहिले. असेही होते. मेलेलं हाड घेऊन दिवसभर कुऱ्हाड चालवणारा एक लाकूडतोड्या होता. त्याला काहीच होत नव्हतं, खरंच. त्याला कुठलाही उपचार नको, असं डॉक्टर म्हणाले. ज्यांना त्रास होता त्यांना मात्र पट्टा किंवा प्लास्टर. काही महिने हाताला पूर्ण विश्रांती, जड उचलायचं नाही, पिळायचं नाही, थापायचं नाही.

मला हे सगळं पाठ होतं. नवा प्रश्नही पाठ होता. हे ध्यानात ठेवा.

आता घरचं. मी पुंडलिकनगरात दोन खोल्यांत राहायचो, वरच्या मजल्यावर. लग्न आधी जमलं नाही, मग मी जमू दिलं नाही. आईला लकवा झाला, उजवी बाजू गेली, तेव्हा तिला गावाहून माझ्याकडं आणलं, आणि तिच्यामागं आक्का आली. आक्का माझ्यापेक्षा बरीच मोठी. तिला नवऱ्यानं नांदवलं नव्हतं. तरणीताठी असताना परत आली ती माहेरचीच झाली. तिला घरात कुणी कधी काही विचारलं नाही. आई पडली तेव्हा, आक्का जाईल का, हेही कुणी विचारलं नाही. ते धरूनच चाललं.

आई अंगानं भरलेली होती. तिला उठवून बसवायचं, कूस बदलायची, मोरीपर्यंत न्यायचं, चादरी धुऊन पिळायच्या. नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी यायचं, तेही खाली. बादल्या वर चढवायच्या. मी दवाखान्यात असायचो. परत आलो की ताट वाढलेलं असायचं, ज्वारीची भाकरी, वरून डाळीची आमटी, आणि आई स्वच्छ कपड्यांत. मी कधी म्हणालो नाही, आक्का, दमलीस का.

एकदा मोरीत पाय घसरून ती पडली. करंगळी सुजली. मी तिला दवाखान्यात नेलं, माझ्याच टेबलावर हात ठेवायला लावला. बांगड्या वर सरकवायला सांगितल्या. हिरव्या काचेच्या.

"काढून ठेव ना थोडा वेळ," मी म्हणालो.

"का म्हून? नवरा जिता हाय, कसा का असंना. त्येच्या नावाच्या हायेत, पर इकत मीच घेतल्यात."

मामू हसले. आक्काला म्हणाले, "बाजी, रहने दो. चूड़ी का भी फोटू आ जाएगा, मुफ्त में."

तिचा हात सैल ठेवायला मी बोटांनी दाबला. तिचा तळवा केवढा खरखरीत होता, हे मला त्या दिवशी कळलं. तिचा हात मी त्याआधी कधी धरला होता ते आठवलं नाही.

करंगळी मोडली नव्हती, मुका मार होता. पण फिल्म मी उजेडावर लावली आणि बांगड्यांच्या फिकट गोलांच्या खाली ते हाड होतं. पांढरं. मला शोधावं लागलं नाही. मी अशी हाडं ओळखण्यात तयार झालो होतो.

डॉक्टर आत आले. त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. एखादं दुर्मीळ पाखरू दिसावं तसा. मग त्यांना कळलं की ही माझी बहीण आहे, तेव्हा ते सावरले. आक्का शेजारीच उभी होती, पदर डोक्यावरून घेऊन. त्यांनी तिला विचारलं, "ताई, मनगट दुखतं का?"

तेही घाईत जुनाच प्रश्न विचारून बसले. आक्कानं माझ्याकडं पाहिलं.

त्या एका क्षणात माझ्या मनात काय आलं ते मी आता लपवणार नाही. प्लास्टर आलं. काही महिने. आईला उठवणार कोण? भाकरी कोण थापेल? मी रजा किती काढू? बाई ठेवायची तर घरात परकी बाई आईचं सगळं करील का? हे सगळं मनात आलं. आक्काचा हात त्यात कुठं नव्हता.

आणि मला दिसलेलं होतं. पाहिलं नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला पटवलं. ती चादर नळाच्या तोटीला गुंडाळून पिळायची, एका हातानं. बादली डाव्या हातानं चढवायची. परातीवर भाकरी थापताना मधेच थांबून उजवं मनगट गुडघ्यावर दाबून धरायची. एक्स-रेच्या खोलीत मी परक्या बायकांना जे विचारत होतो, त्याचं उत्तर माझ्या घरी रोज माझ्यासमोर घडत होतं.

"नाही सर," मी म्हणालो. "दुखणं काही नाही तिला."

आक्का म्हणाली, "व्हय, दुखणं नाय काही."

डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्यांना विचारायला त्यांनी मलाच नेमलं होतं. ते म्हणाले, "मग काही करायचं नाही. पण पुढं त्रास झाला तर लगेच सांगा." आणि आक्का न दुखणाऱ्यांत गेली. असे लोक इतके थोडे होते, की त्यांत एक खोटा घुसला तर सगळं खोटं होतं. हे मला त्यांनीच समजावलेलं होतं. पुढं त्यांची बदली झाली, ते आपला आकडा घेऊन गेले. मी काही बोललो नाही.

घरी जाताना रिक्षात आक्का म्हणाली, "डॉक्टर लई खुशीत होता?"

"तुझं बोट मोडलं नाही म्हणून," मी म्हणालो.

त्यानंतरही आई बरीच वर्षं होती. आक्कानं तिला एक व्रण पडू दिला नाही. आई गेली, दिवस झाले, आणि आक्कानं आपलं गाठोडं बांधलं. मी तिला राहा म्हणालो, पण कसं म्हणालो तर, दाराला टेकून, एकदाच. ती म्हणाली, "आता हितं काय काम हाय माझं?" तिला वाटत होतं ती कामासाठीच होती. ते खोटं आहे असं मी म्हणू शकलो नाही.

ती देवगावला चुलतभावाच्या घरी राहायला गेली. मग मी ह्या दोन खोल्यांत एकटा. डबा लावला. पाणी आलं की एका माणसाला लागतं तेवढं भरायचं, अर्धी भांडी कोरडीच. संध्याकाळी दवाखान्यातून येऊन कुलूप काढलं की आतला वास कालचाच असायचा. टीव्ही चालू ठेवून झोपायची सवय लागली. दरवर्षी भाऊबीजेला गावाला जायचो, आक्का ओवाळायची, मी ताटात पैसे आणि लुगडं ठेवायचो, जेवायचो, संध्याकाळच्या गाडीनं परत. मधल्या काळात तिची विचारपूस म्हणजे चुलतभावाच्या फोनवर "बरी हाय का आक्का?" आणि "व्हय, बरी हाय." एवढ्यावर मी वर्षं काढली.

गेल्या भाऊबीजेला आक्कानं मला पाटावर बसवलं. रांगोळी चुलतवहिनीनं काढली होती. आक्कानं ताट घेतलं, निरांजन लावलं, कुंकू लावलं, आणि ओवाळायला ताट उचललं ते डाव्या हातानं. उजवा हात नुसता खालून लावलेला, आधारासारखा. दर वर्षी ती ओवाळायची तेव्हा मी ताटाकडं बघत नसे, बहुधा घड्याळाकडं बघत असेन.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "अवो वन्सं! डाव्या हातानं ओवाळत्यात का भावाला? मर्तिक हाय का हे?"

आक्कानं ताट उजव्या हातात घ्यायचा प्रयत्न केला. निरांजन कलंडलं, तूप तिच्या पायावर सांडलं.

"बघा," वहिनी मला म्हणाल्या, "असंच. अद्रक काढायचा दिस आला की ह्यांचा हात मोडतो. कापूस येचायचा म्हटलं की बोटं आखडतात. जेवताना बरा चालतो. एवढी आंगचोर बाई मी कुठं पाहिली नाय, भाऊजी, तुमची बहीण हाय म्हणून सांगते."

वहिनी वाईट नाहीत. त्यांच्या घरात सगळेच राबतात, आणि एक माणूस कमी राबतंय असं त्यांना दिसत होतं. मी पाटावरून उठलो. ओवाळणी अर्धी सोडून उठतात का, असं कुणीतरी म्हणालं.

"ती अंग चोरत नाही वहिनी," मी म्हणालो. "तिच्या मनगटातलं हाड मेलंय. केव्हाच. मी एक्स-रेत पाहिलंय."

स्वयंपाकघरात काहीतरी करपत होतं. वहिनी तिकडं गेल्या नाहीत.

"कवा पाह्यलं?"

"आई होती तेव्हा."

"आन मंग औषीद?"

"दिलं नाही. मी डॉक्टरांना सांगितलं की दुखत नाही."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं, मग आक्काकडं. मग आत वळून पदरानं कढई उतरवत म्हणाल्या, "मंग खरे आंगचोर तुम्ही की, भाऊजी."

माझ्याविषयी इतकं नेमकं कुणी कधी बोललं नव्हतं. मला राग आला नाही. चुलतभाऊ खाली मान घालून बसला होता. आक्का पायावरचं तूप पुसत होती, डाव्याच हातानं.

जेवण झाल्यावर ती बाहेर ओट्यावर येऊन बसली. मी शेजारी बसलो. समोर अद्रकीच्या शेतावर पाणी चाललं होतं. मला वाटलं, ती शिव्या देईल, किंवा जाऊ दे म्हणेल. दोन्हींसाठी मी तयार होतो. तिनं उजवं मनगट गुडघ्यावर दाबून धरलं. मग म्हणाली, "त्या दिसाचंच हाय व्हय हे? बोट सुजलं त्या दिसाचं?"

"हो."

"तुला दिसलं हुतं?"

"दिसलं होतं."

"मला वाटलं," ती म्हणाली, "तू फोटोवाला. तुला आतलं दिसतंय. तू नाय म्हणालास. मंग नसंलच. मंग म्या म्हटलं, कळ तर मारती रोज. दुखणं नाय तर हे काय हाय? तर हे आपलं आंग चोरणंच असंल. आईचं करायचा कंटाळा आला असंल मला. देवाला घाबरायचे म्या. म्हणून आनखी नेटानं पिळायचे."

मी ऐकत होतो. तिनं हे तक्रारीसारखं सांगितलं नाही. हिशेब जुळत नसलेल्या माणसाला एकदम चूक सापडावी, तसं सांगितलं. मी आजवर स्वतःच्या नावावर एक गुन्हा धरून होतो: बहिणीचं दुखणं लपवलं. पण झालं होतं ते दुसरंच. मी तिच्या कळेचं नाव बदललं होतं. तिला जे होत होतं ते माझ्या एका 'नाही'नं आळस झालं, आणि तो आळस घालवायला ती इतकी वर्षं स्वतःच्या मेलेल्या हाडावर जोर देत राहिली. वहिनी जे आज म्हणाल्या, ते आक्का स्वतःला आधीपासून म्हणत होती. ते तिला मी शिकवलं.

"आक्का," मी म्हणालो, "माझ्याकडं चल. पुंडलिकनगरात. तुला काही करावं लागणार नाही."

"मंग काय करू तिथं? भिताडाकडं बघू?"

"मी आहे ना."

ती हसली. "तू हायेस. तू बोलतूस कवा? हितं भावजय भांडती, पर तोंडानं भांडती. कळतं तरी."

"भाकरी मी थापीन."

"आधी मळायला शिक." मग तिचं हसणं गेलं. "तवा सांगितलं असतंस, तर थापली असतीस का?"

मी खरं ते सांगितलं. "नाही."

"मंग बस झालं," ती म्हणाली. राग होता त्यात. मी माफी मागितली, तर तिनं हात झटकला, डावा. "ते तुझं तू बघ. मला दाखवायचंय हात. मोठ्या डॉक्टरला. मला नेऊन सोड."

महिन्याच्या आत मी तिला घेऊन आलो. मी जिथं काम करतो तिथं नाही. दुसरीकडं, जिथं मला कुणी ओळखत नाही, हे तिनंच सांगितलं. एक्स-रे काढून झाले. आता फिल्म नसते, सगळं पडद्यावर. आतून नाव पुकारलं तसा मी उठलो, तिचं गाठोडं, कागद, पाण्याची बाटली घेतली.

आक्कानं माझ्या हातातले कागद काढून घेतले. "तू भाईर बस," ती म्हणाली.

दार लागलं. मी बाकावर बसलो, गाठोडं मांडीवर. दाराआड तिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. डॉक्टरांचा आवाज मधेच येई, थोडा, आणि मग पुन्हा तिचा. ती एवढं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आमच्या घरात तर नाहीच. एकदा ती जोरात काहीतरी म्हणाली. एकदा कपडा पिळताना होते तशी काचेच्या बांगड्यांची किणकिण आली; बहुतेक करून दाखवत असावी.

शेजारी एक माणूस आपल्या नंबराची वाट बघत होता. वेळ होत होता म्हणून वैतागलेला.

"तुमचं माणूस हाय का आत?"

"बहीण."

"काय होतंय त्यांना?"

मी तोंड उघडलं होतं. मिटलं.

"ती सांगतेय," मी म्हणालो.